जेसीबी खरा, फोटो खोटा

मणिकर्णिका घाटावर फोटो काढायचा नाही, हा तिथला जुना दंडक. चिता जळत असतात, घरची माणसं उभी असतात. कुणी पर्यटकाने मोबाइल वर केला की कुठूनतरी एक हात आडवा येतो, ‘फोटो मना है!’ तोच हात पुढच्या मिनिटाला पैशांसाठी पुढे होतो, ती गोष्ट वेगळी.

या घाटावरून जानेवारी २०२६मध्ये देशभर भांडण पेटलं.

कशावरून? फोटोंवरून.

झालं असं. घाटाच्या पुनर्विकासाचं काम. जुलै २०२३मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झालेली. जानेवारी २०२६मध्ये जेसीबी घाटावर उतरला, जुना चौथरा फुटला, कोरीव दगड ढिगाऱ्यात दिसले आणि व्हिडिओ फिरले. हा घाट अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधून काढलेला. त्यामुळे आरडाओरडा काशीपुरता राहिला नाही. वाराणसीत पाल समाज रस्त्यावर आला, इंदूरच्या खासगी ट्रस्टने नाराजी कळवली, विरोधी पक्षांना आयतं कोलीत मिळालं.

प्रशासनाचा पहिला खुलासा: मंदिर पाडलेलं नाही. मूर्ती आणि शिल्पं सुरक्षित ठेवली आहेत. काम संपलं की पुन्हा बसवू.

दुसरा खुलासा: समाजमाध्यमांवर फिरणारी चित्रं एआयने बनवलेली आहेत. १७ जानेवारीला मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ वाराणसीत आले आणि एआयचे व्हिडिओ करून काशीची बदनामी चालली आहे, असं त्यांनीही सांगितलं. चौक पोलीस ठाण्यात आठ गुन्हे दाखल झाले.

आता हे दोन खुलासे शेजारी शेजारी ठेवून वाचा.

सगळं एआयने केलं असेल, तर पुन्हा बसवायचं काय?

थांबा, लगेच टाळ्या नकोत. काही चित्रं बनावट असतीलही. असणारच. आपल्याकडे खरी घटना घडली की खोटी चित्रं तासाभरात तयार होतात. खऱ्या फोटोत पुरेसा धूर नसतो, मूर्ती पुरेशी फुटलेली नसते, कुणी पुरेसं रडत नसतं. मग उत्साही कार्यकर्ता एआयला सांगतो, ‘जरा जास्त कर.’ एआय बिचारं आज्ञाधारक. जास्त करतं.

आणि त्या ‘जास्त’मुळे खरा व्हिडिओही वाया जातो. विरोधकांनी सरकारला यापेक्षा मोठी मदत कधी केली असेल, तर सांगा.

एआय खोट्याला खरं दाखवतं, अशी भीती आपल्याला पाच-सात वर्षं घातली जात होती. ते काम ते करतंच. पण त्याचा मोठा उपयोग उलटा निघाला. खऱ्याला खोटं म्हणता येतं. बॉबी चेस्नी आणि डॅनिएल सिट्रॉन या अमेरिकेतल्या दोन कायद्याच्या प्राध्यापकांनी हे आधीच लिहून ठेवलं होतं: लोकांना बनावट व्हिडिओंची सवय झाली की खऱ्या व्हिडिओत सापडलेल्या माणसाला ‘तो मी नव्हेच’ म्हणायची सोय होईल. ती सोय आता फुकट आहे, सर्वपक्षीय आहे, आणि तिला ओटीपीसुद्धा लागत नाही.

पूर्वी नेता म्हणायचा, माझ्या वक्तव्याचा विपर्यास केला. आता म्हणतो, एआय आहे.

विपर्यास करायला निदान वक्तव्य तरी लागायचं.

सर्वपक्षीय म्हटलं ते उगाच नाही. सप्टेंबर २०२५मध्ये बिहार काँग्रेसने पंतप्रधान आणि त्यांच्या दिवंगत आईचा एआय व्हिडिओ काढला. पाटणा उच्च न्यायालयाला तो काढून टाकायला सांगावं लागलं. त्याच महिन्यात आसाम भाजपने ‘भाजप नसेल तर आसाम कसा दिसेल’ याचा एआय व्हिडिओ काढला. ते प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे एआयच्या नावाने खडे फोडणाऱ्या प्रत्येकाच्या आयटी सेलमध्ये एआयचा कारखाना चालू.

आणि काशीचं तर विचारूच नका. डिसेंबर २०२३मध्ये याच शहरात, नमो घाटावर, काशी तमिळ संगमममध्ये पंतप्रधानांच्या हिंदी भाषणाचं तमिळ भाषांतर ‘भाषिणी’ या सरकारी एआयने जागच्या जागी केलं. केवढं कौतुक झालं! नमो घाटावर एआय देशाचा अभिमान होतं. त्याच गंगेच्या त्याच काठावर, दोन वर्षांनी मणिकर्णिकेवर ते आरोपी झालं.

आता तुम्ही म्हणाल, खरा कुठला नि खोटा कुठला, हे तपासता येत नाही का?

येतं ना. असं एखादं चित्र मोठं करून बघा. जेसीबीच्या बकेटचे दात मोजा. घाटाच्या पायऱ्या नदीकडे उतरता उतरता मध्येच वर चढायला लागतात का, बघा. चितेचा धूर पूर्वेला आणि देवळावरचा झेंडा पश्चिमेला उडत असेल, तर काहीतरी गडबड आहे. आणि शेवटी पाटी वाचा. एआयला देवनागरी लिहिताना घाम फुटायचा. ‘घाट’च्या घ-ला दोन मात्रा, ‘मणिकर्णिका’चा रफार भलत्याच अक्षरावर, आणि शेवटी कुठल्याच लिपीत नसलेलं एक अक्षर.

पण ही परीक्षा आता जुनी झाली. नव्या मॉडेलांना देवनागरी बऱ्यापैकी येते. शिवाय अशुद्ध पाटी म्हणजे बनावट चित्र असं धरलं, तर आपल्या निम्म्या महापालिका एआयने बनवलेल्या निघतील.

मग कंपन्यांकडे जा. त्यांच्याकडे उपाय आहेच. रोग ज्यांनी आणला, औषध त्यांच्याच दुकानात.

गूगलचं सिंथआयडी आहे. २०२३पासूनचं. चित्रात डोळ्यांना न दिसणारी खूण पेरतं आणि नंतर ती ओळखतं. उत्तम! फक्त ज्या यंत्राने ती खूण पेरली, त्याच्या चित्रात. खूण न पेरणाऱ्या कंपनीचं चित्र असेल, तर सिंथआयडीला त्यात काही सापडत नाही. खूण सापडली नाही म्हणजे चित्र खरं, असं मात्र समजायचं नाही. मग काय समजायचं? ते तुमचं तुम्ही बघा.

ओपनएआयने जानेवारी २०२३मध्ये एआयने लिहिलेला मजकूर ओळखणारं साधन काढलं आणि जुलैमध्ये बंद केलं. कारण? अचूकता कमी. स्वतःचं पोर स्वतःलाच ओळखू येईना.

अडोबी, मायक्रोसॉफ्ट वगैरे मंडळींनी मिळून एक खुलं मानक केलंय. फोटो कुठल्या कॅमेऱ्याने काढला, नंतर त्यात काय काय बदल झाले, याचा दाखला फोटोलाच जोडायचा. कल्पना झकास आहे. पण आपल्याकडे फोटो येतो व्हॉट्सअॅपवरून, आणि व्हॉट्सअॅप फोटो लहान करताना त्याच्या पाठीवर लिहिलेलं सगळं पुसून टाकतं. राहतं काय? ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.’

शेवटचा मार्ग एक्सवरचा. ‘ग्रोक, हे खरं आहे का?’

बनावट चित्र काढून देणाऱ्या यंत्रालाच विचारायचं, चित्र बनावट आहे का. चोराला पंच नेमायचा प्रकार आपल्याकडे नवा नाही म्हणा.

याच जानेवारीत या ग्रोकने काय दिवे लावले, आठवतं? बायकांच्या फोटोंतले कपडे उतरवून देण्याचा धंदा एक्सवर उघड चालला होता. २ जानेवारीला केंद्र सरकारने एक्सला पत्र पाठवलं. खरमरीत की काय म्हणतात, तसलं. पंधरवड्याने मणिकर्णिकेची चित्रं टाकणाऱ्या माणसांवर गुन्हे दाखल झाले, तेही एक्सवरच्याच खात्यांसाठी.

चित्र फिरवणाऱ्याला एफआयआर. चित्राचं यंत्र चालवणाऱ्याला पत्र.

फेब्रुवारीत नवे नियम आले. एआयने बनवलेल्या मजकुरावर तसं लिहायचं, आणि सरकारने किंवा न्यायालयाने सांगितलं की कंपनीने तीन तासांत मजकूर उतरवायचा. आधी ३६ तास मिळायचे. तीन तासांत खरं-खोटं कोण तपासणार? कुणीच नाही. कंपनी आधी उतरवणार, मग विचार करणार. विचार करायला तर वेळच वेळ आहे.

बनावट चित्र उतरलं तर आनंदच आहे. पण खरा व्हिडिओ ‘एआय आहे’ म्हणून उतरवला, तर तो परत कोण चढवणार? त्याला किती तास? नियमांत घाई आहे ती उतरवण्याची.

अशा वेळी ओपन सोर्सवाले आठवतात. दाढी, टी-शर्ट, लॅपटॉपवर स्टिकर. पुण्याच्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात एक तरी सापडतो. ही मंडळी चाळीसेक वर्षं एकच गोष्ट ओरडून सांगताहेत: यंत्र आतून बघू द्या. रिचर्ड स्टॉलमनने १९८३मध्ये ही मोहीम जाहीर केली, लिनस टोरवाल्ड्सने १९९१मध्ये लिनक्स काढलं, आणि आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच लिनक्स आहे. फुकट दिलेलं.

फुकट दिलेल्यावर पैसे कुणी केले, हे विचारू नका. रेड हॅटने केले. मग २०१९मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलरला रेड हॅटच घेतली. २०२३मध्ये रेड हॅटने आपल्या मुख्य प्रणालीचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला ठेवणं थांबवलं आणि तो गिऱ्हाइकांपुरता केला. उघड्या दाराने आत यायचं आणि आत आल्यावर दार लावून घ्यायचं, ही रीत मात्र सगळ्या कंपन्यांना येते.

तरी मोठ्या कंपन्यांना ‘खुलं’ म्हणवून घ्यायची भारी हौस. मेटाचं लामा घ्या. खुलं मॉडेल म्हणून डांगोरा. अट वाचा: महिन्याला ७० कोटींहून जास्त वापरकर्ते असतील, तर आधी मेटाची परवानगी. आणि मॉडेल कुठल्या मजकुरावर शिकवलं, ते सांगणार नाहीत. ओपन सोर्सची व्याख्या सांभाळणाऱ्या संस्थेने म्हटलंय, हे ओपन सोर्स नव्हे. बेसनाचा लाडू हातावर ठेवायचा, पण डाळ कुणाच्या शेतातून उचलली, ते विचारायचं नाही.

ज्यांच्या शेतातून उचलली ते आता कोर्टात आहेत. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपनएआयवर दावा लावला. अमेरिकेत अँथ्रोपिकने पुस्तकांच्या चोरट्या प्रतींच्या प्रकरणात लेखकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर. मराठी लेखकाला रॉयल्टीचा चेक पाहून हसू येतं, हा आकडा वाचून रडू येईल.

चिनी डीपसीकने जानेवारी २०२५मध्ये आपलं मॉडेल खुलं केलं. एनव्हिडियाचं सुमारे ६०० अब्ज डॉलरचं बाजारमूल्य एका दिवसात उडालं. कोणीही उतरवून घ्या, चालवा, धंदा करा! मात्र त्याच्या अॅपला विचारा, १९८९मध्ये तिआनमेन चौकात काय झालं?

मॉडेल खुलं, तोंड बंद.

तरीही खुलेपणाचा एक किस्सा सांगतो, कारण तो खरा आहे. मार्च २०२४. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याला दिसलं, आपल्या यंत्रात लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण सातबारा उतरवायला तासभर गोल फिरणारं चक्र बघतो आणि ‘सर्व्हर डाऊन असेल’ म्हणून चहा मागवतो. याने शोध घेतला. एक्सझेड नावाच्या छोट्याशा फुकट सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. सज्जन स्वयंसेवकाचं सोंग घेऊन, दोनेक वर्षं विश्वास कमावून. जगभरच्या सर्व्हरांत शिरायच्या आधी तो पकडला गेला.

पकडला गेला कारण कोड सगळ्यांना दिसत होता. कुठला बदल कुठल्या दिवशी कुणी घातला, हे बहुतेक लिहिलेलं होतं. आणि चोरदरवाजा बसला कशामुळे? कारण अख्खं जग वापरत असलेलं ते सॉफ्टवेअर एकटा थकलेला माणूस बिनपगारी सांभाळत होता. अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्यांनी त्याला काय दिलं? तक्रारी मात्र येत राहिल्या.

तेव्हा खुलं म्हणजे फुकट, हे डोक्यातून काढा. खुलं म्हणजे नोंद.

लिनस टोरवाल्ड्सनेच २००५मध्ये गिट काढलं. प्रोग्रामर मंडळी कोडमधले बदल त्यात ठेवतात. काय होतं, काय झालं, कुणी केलं, कधी केलं, का केलं. जुनं पान फाडता येत नाही असं नाही, पण फाडलं तर बाकीच्यांच्या प्रतींशी ते जुळत नाही आणि चोरी उघडी पडते. त्यात एक आज्ञाच आहे. तिचं नाव ब्लेम. ती दिली की प्रत्येक ओळीसमोर ती शेवटची बदलणाऱ्याचं नाव उमटतं.

सरकारी कारभारात ही आज्ञा नाही. म्हणून एआयवर भागवावं लागतं.

आता घाटावर या. काशीला नोंदी नव्यात का? जेम्स प्रिन्सेप हा टाकसाळीतला इंग्रज अधिकारी १८२०मध्ये बनारसला आला. दहा वर्षं राहिला. शहराचा नकाशा केला, घाटांची चित्रं काढली, १८३०च्या दशकात ती छापली. त्यात मणिकर्णिकाही आहे. ती चित्रं आज कुणालाही संगणकावर बघता येतात. परवानगी नको, पैसे नकोत.

म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी मणिकर्णिका कशी दिसत होती, यावर वाद नाही. डिसेंबर २०२५मध्ये कशी दिसत होती, यावर आठ गुन्हे!

तीर्थपुरोहितांच्या वह्या तर आपल्या घरच्या. काशीला, गयेला, त्र्यंबकेश्वरला गेलेल्या मराठी माणसाने अनुभव घेतलेला असतो. गाव सांगा, आडनाव सांगा. गुरुजी लांबलचक वही काढतात आणि पणजोबा कोणत्या साली आले होते, बरोबर कोण होतं, सही कशी केली, ते दाखवतात. सर्व्हर नाही, पासवर्ड नाही, डाऊन होत नाही. दक्षिणा आहे, पण ती तर आता कंपन्याही घेतात, दर महिन्याला.

पणजोबांच्या स्नानाची नोंद सापडते. हलवलेल्या शिल्पांची यादी मात्र मागून बघा.

कुठली शिल्पं काढली? किती? कुठल्या दिवशी? काढण्याआधीचा फोटो, काढल्यानंतरचा फोटो, ठेवली त्या जागेचा फोटो. एक पान. एका कारकुनाचं एका दुपारचं काम. जेसीबी येण्याच्या आदल्या दिवशी ते पान घाटावर लावलं असतं, तर कुठल्याही एआयची काय बिशाद होती! एआय रिकाम्या जागेत घुसतं. रिकामी जागा ठेवली कुणी?

पुनर्विकास नको, असं कुणी शहाणा म्हणणार नाही. मणिकर्णिकेवर जाऊन या. चिंचोळ्या गल्ल्यांतून तिरडी येते, बाजूला मोठ्या तराजूत लाकडं तोलली जातात, त्याचे भाव चालतात, पावसाळ्यात गंगा वर चढली की चितेला जागा उरत नाही. मेलेल्याला मोक्ष मिळत असेल, पोचवायला आलेल्याच्या पायाखाली चिखल असतो. सुधारणा हवीच. प्रश्न एवढाच की सुधारणा करताना कागद दाखवायला कसली लाज?

आणि अहिल्याबाईंच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी त्यांचा हिशोबही आठवावा. दौलतीचा पैसा वेगळा, खासगी वेगळी. देवळं, घाट, धर्मशाळा यांचा खर्च खासगीतून. इंदूरच्या ट्रस्टच्या नावात ‘खासगी’ आहे ती त्यामुळे. आता मणिकर्णिकेचं काम कंपन्यांच्या सीएसआर निधीतून होतंय. तेव्हाही सरकारी तिजोरीला हात लागला नाही, आताही नाही. फरक एवढाच की तेव्हाचा हिशोब अजून वाचता येतो.

महाराष्ट्र काय करत होता या सगळ्या काळात? महाराष्ट्र कामात होता. १५ जानेवारीला २९ महापालिकांचं मतदान होतं आणि बोटावरची मार्करची शाई पुसली जाते की नाही, यावर राज्य दोन दिवस जागं होतं. तिथेही व्हिडिओ, तिथेही ‘दिशाभूल’.

आठच महिने आधी, मे २०२५मध्ये, अख्खं मंत्रिमंडळ अहिल्याबाईंच्या जन्मगावी, चोंडीला, बैठक घेऊन आलं होतं. अहिल्याबाईंची तीनशेवी जयंती, ६८१ कोटींचा स्मारक आराखडा. जिल्ह्याला त्यांचं नाव दिलेलं. त्यांनी बांधलेल्या घाटावर जेसीबी चालला, तेव्हा त्या उत्साहाचा आवाज कुठे गेला? बहुधा म्यूटवर होता.

आपल्याकडे एआय जोरात आहे, ही काळजी नको. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला मुंबईत आले आणि ‘महाक्राइमओएस एआय’ राज्यातल्या ११०० पोलीस ठाण्यांत जाणार, अशी घोषणा झाली. तपासाला एआय मदत करणार. छान. उद्या गुन्हा एआयच्या चित्राचा, तक्रार एआयने लिहिलेली, तपास एआयचा. या सगळ्यात माणूस एकच.

आरोपी.

हा एआय आतून कुणी बघायचा? कोर्टात वकिलाने विचारलं, ‘हे चित्र बनावट आहे, हे कशावरून ठरवलंत?’ तर उत्तर काय? ‘सॉफ्टवेअरने सांगितलं.’ सॉफ्टवेअर कुणाचं? कंपनीचं. दाखवा. नाही, ते कंपनीचं गुपित.

काशीशेजारच्या प्रयागराजचं उदाहरण फार जुनं नाही. २०२५चा महाकुंभ. भाविकांच्या मदतीला एआयचा चॅटबॉट, तोही मेटाच्या लामावर चालणारा. गर्दी मोजायला एआयचे कॅमेरे. ६६ कोटी माणसं मोजली म्हणे. २९ जानेवारीला चेंगराचेंगरी झाली. सरकारने सुरुवातीला मृतांचा आकडा दिला ३०. बीबीसीच्या बातमीदारांनी गावोगाव, घरोघर फिरून निदान ८२ मृत्यू शोधले.

जिवंत माणसं कोटींत मोजणारं यंत्र मेलेली शंभरच्या आतली मोजू शकत नाही.

२०२७मध्ये सिंहस्थ नाशकात आहे. तयारी सुरू झाली. तपोवनातली झाडं तोडायची म्हटल्यावर लोक झाडांना मिठ्या मारून उभे राहिले, ते तुम्ही पाहिलंच. तिथेही एआय येणार, कॅमेरे येणार, डॅशबोर्ड येणार. झाडं किती, कुठली, किती तोडली, किती लावली, याची यादी डॅशबोर्डवर येईल का? की तुटलेल्या झाडाचा फोटो टाकला, तर तोही एआयचा निघेल?

दरम्यान कंपन्यांची चंगळ आहे. २०२५मध्ये जिओबरोबर जेमिनाय दीड वर्ष फुकट, एअरटेलबरोबर पर्प्लेक्सिटी वर्षभर फुकट, चॅटजीपीटी गो वर्षभर फुकट वाटलं गेलं. आपल्याला फुकट म्हटलं की रांग लावायची सवय. वर्षभराने बिल येईल तेव्हा आपण शोधू, बंद कसं करायचं. तेही त्यालाच विचारून.

चांगलं काही नाहीच का? आहे. आयआयटी मद्रासच्या एआय फॉर भारत गटाने मराठीसह २२ भारतीय भाषांचं भाषांतर करणारं मॉडेल केलं आणि कोडसकट खुलं करून टाकलं. कुणीही उघडावं, तपासावं, सुधारावं. भाषिणीच्या पोटात या गटाचं काम आहे. म्हणजे खुलं ठेवून काम होतं, सरकारी पैशातही होतं. ते जमतं कोडला. घाटाच्या आराखड्याला काय धाड भरली?

तेव्हा वाचकहो, खरा फोटो कुठला, यावर घरच्या ग्रुपवर भांडत बसू नका. काका ऐकणार नाहीत. त्यापेक्षा माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. नोव्हेंबर २०२५मध्ये विदा संरक्षणाच्या कायद्याआडून या अधिकाराचाही एक दात काढलाय. वैयक्तिक माहिती म्हणून आता बरंच काही नाकारता येतं. पण चौथरा ही वैयक्तिक माहिती नव्हे. दगडाला गोपनीयता नसते. विचारा: घाटाच्या कामाचा आराखडा आणि कार्यादेश. काढलेल्या शिल्पांची तारीखवार, फोटोसह यादी. आणि त्या आठ गुन्ह्यांतलं कुठलं चित्र कुठल्या चाचणीने बनावट ठरलं, त्या चाचणीचं नाव.

फी दहा रुपये, मुदत तीस दिवस. मसुदा एआयकडून लिहून घेतलात तरी चालेल. सही मात्र स्वतःची करा आणि अर्जाची पोच मागून घ्या.